जीव गार झाला?

कौमुदी रडत नव्हती, आणि त्याचंच सगळ्यांना केवढं कौतुक.

बाहेर वैशाख असा पेटलेला, की इरई नदीच्या काठच्या त्या वसाहतीत सकाळ सरली की कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नसे. डांबर मऊ पडायचं. नळाला हात लावला तर चटका बसायचा. आणि अशा दिवसांत वैरागड्यांच्या पुढच्या खोलीत मात्र बाळंतीण गोधडी पांघरून बसलेली, तिच्यासमोर पाळणा, आणि पाळण्याला लागून भिंतीशी शितळाई.

शितळाई म्हणजे देवी नव्हे. ती एक कपाटाएवढी तांबूस पेटी. कंपनीनं तिला अक्षरा-आकड्यांचं काहीतरी रुक्ष नाव दिलं होतं, पण पहिल्याच उन्हाळ्यात वसाहतीतल्या बायकांनी ते पुसून टाकलं. जी घर थंड करते, चुलीला गॅस देते आणि लेकराला निजवते, तिला दुसरं काय म्हणायचं? छायाबाई तर दर मंगळवारी पेटीच्या कडेला हळदीकुंकवाची बोटं ओढत. सून मंजिरी त्याच कंपनीत इंजिनिअर, तिला ते बघून हसू येई. पण ती बोलत नसे.

बोलायचं कसं? छायाबाईंचा नवरा उन्हानं गेला होता. शितळाई घरात यायच्या आदल्या वर्षी, टँकरच्या रांगेत उभा असताना चक्कर आली म्हणून गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली टेकला, आणि तो उठलाच नाही. हात लावला तर अंग तव्यासारखं. तेव्हापासून भर दुपारी छायाबाई त्या निंबाकडे जायच्या नाहीत. किराणा आणायचा तर वळसा घालून जायच्या. नातीचं नावही त्यांनीच ठेवलं होतं. चांदण्याचं नाव, गार.

"गुणाची पोट्टी आहे वो," बघायला आलेल्या बायका म्हणत. "आमचं असं रडे, की शेजारीण भांडाले येई."

छायाबाईंना धन्य वाटे. त्या पाळण्याची दोरी धरत आणि हलक्या आवाजात म्हणत,

*नीज नीज माझ्या बाळी,*
*ऊन उतरले माळी,*
*सावलीची झाली तळी…*

ओवीला साडेतीन चरण. पण शेवटचा अर्धा, 'अंगणात', छायाबाईंच्या तोंडून कधी निघायचाच नाही. तिथवर आल्या की त्या वाकून बाळाच्या कपाळाचा मुका घेत. 'अंगणात' त्या मुक्यातच विरून जाई.

मग दुपार कलंडली की शितळाई बोले. दिवसातून एकच वाक्य, तेही एखाद्या घरच्या बाईच्या आवाजात: "जीव गार झाला?"

"झाला गं बाई," छायाबाई म्हणत, आणि मंजिरी मान खाली घालून गालात हसे. कारण ते वाक्य तिचं होतं.

*

आरोग्य केंद्राची आशाताई आली आणि तिनं बाळाला झोळीच्या काट्यावर टांगलं. मग काढून पुन्हा टांगलं. काटा बिघडला असेल म्हणून किलोभर साखरेच्या पुडीचं वजन करून पाहिलं. काटा ठीक होता.

बारशाला भरलं होतं तेवढंच वजन. एवढे दिवस दूध पिऊन पोर जिथल्या तिथं.

आशाताईनं कोणाला दोष दिला नाही. अंगावर जास्त वेळ पाजा, झोपली असली तरी उठवून पाजा, एवढंच सांगितलं. जाता जाता तिनं बाळाचं पाऊल मुठीत धरलं आणि सहज म्हणावं तसं म्हणाली, "गारच असतात नाही हिचे पाय? पलीकडच्या गल्लीतल्या पोराचेही असेच."

मंजिरीला ते 'गार' टोचलं. आपल्याकडे हा शब्द किती प्रेमाचा! पोट गार होतं, डोळे गार होतात, म्हातारी माणसं आशीर्वाद देताना जीव गार झाला म्हणतात. आणि माणूस गेल्यावरही त्याच्या अंगाला हात लावून आपण तेच म्हणतो.

तिनं बाळाला उठवून पाजलं. कौमुदी दोन घोट प्यायली आणि पुन्हा झोपली. तळहातावर दवबिंदू पडावा, तेवढंच तिचं वजन भासलं.

*

पाण्यातून हायड्रोजन वेगळा करणं सोपं नसतं. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन आणि हायड्रोजन एकमेकांना असे बिलगलेले असतात, की त्यांना सोडवायला भरपूर वीज खर्ची पडते. इरईकाठी कोळशाचं केंद्र बंद पडलं तेव्हा त्या चिमण्यांखाली दुसरी वाट काढली गेली. तांब्याला मध्यस्थ घालायचं. आम्लात विरघळलेलं तांब्याचं क्लोराइड पेटीत भरायचं, त्यातून वीज सोडायची. तांबं आपल्याकडचा आणखी एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतं आणि द्रव हिरवा होत जातो. पेटीतल्या पातळ पडद्यापलीकडे आम्लातला हायड्रोजन तो इलेक्ट्रॉन घेऊन बुडबुड्यांनी वर येतो. पाणी थेट फोडायला जेवढा विजेचा दाब लागतो, त्याच्या निम्म्याहून कमी दाबात हे काम होतं. हिरवं झालेलं पाणी गाड्यांतून केंद्रावर जातं. तिथं आरशांनी गोळा केलेल्या सूर्याच्या आचेवर तांब्याला पहिल्यासारखं करतात आणि कोरं पाणी पुन्हा घरोघर येतं. मंजिरीचा नवरा प्रफुल्ल त्या आरशांच्याच मैदानावर कामाला होता.

पेटीची कार्यक्षमता म्हणजे काय, तर गॅसमध्ये ऊर्जा किती निघाली आणि त्यासाठी वीज किती घातली, याचं गुणोत्तर. नव्या पडद्यामुळे विजेचा दाब इतका खाली आणता आला, की हे गुणोत्तर शंभर टक्क्यांच्या वर जाऊ लागलं. वर्तमानपत्रांना तो चमत्कार वाटला. चमत्कार काही नव्हता. वीज कमी पडली की पेटी उरलेली ऊर्जा भोवतालातून उष्णता म्हणून ओढून घेते, आणि त्या उष्णतेचा हिशेब कोणी मागत नाही. म्हणून तर ती गार पडते, म्हणून तर खोली गार होते. जिथं उन्हानं माणसं मरतात, तिथं उष्णता खाणारी पेटी! लोकांनी तिला देवी म्हटलं यात नवल ते काय?

एक खोड तेवढी होती. थोडं तांबं पडद्यातून पाझरून पलीकडे जायचं आणि भुकटी होऊन तिथं बसायचं. मग कार्यक्षमता ढासळायची. ती भुकटी झटकायला पेटी सतत बारीक थरथरत असे. तीच तिची गुणगुण. कोणत्या सुरात, कोणत्या लयीत थरथरायचं हे पेटीतल्या प्रणालीनं स्वतः शिकायचं होतं. तिला दोनच गोष्टी सांगितलेल्या: कार्यक्षमता वाढव, आणि घरातली माणसं खूश ठेव. दुसरी गोष्ट मोजायची कशी, यावर कंपनीच्या बैठकीत बराच काथ्याकूट झाला. शेवटी मंजिरीनंच सुचवलं, आपल्या माणसांना समाधान विचारायचं तर एकच शब्द आहे. पेटीनं विचारायचं, जीव गार झाला? माणूस झाला म्हणालं की पेटीनं समजायचं, आपलं बरोबर चाललंय.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

*

फरशी पुसायची म्हणून मंजिरीनं पाळणा स्टँडसकट सरकवून खिडकीकडच्या भिंतीला नेला. परत वळते तो शितळाईच्या अंगावरचा कार्यक्षमतेचा आकडा उतरलेला. फार नाही, दशांशचिन्हापुढचं एखादं घर. दार उघडलं असेल म्हणून तिनं दार पाहिलं. बंद होतं.

तिनं पाळणा पुन्हा पेटीजवळ आणला. आकडा चढला.

दोनदा, तीनदा करून पाहिलं. आकडा पाळण्यामागून चालत होता.

आणि मग तिच्या कानांना ते कळलं, जे इतके दिवस कानांवर पडत होतं. पेटीची गुणगुण एकसुरी नव्हती. ती चढत होती, उतरत होती, वळण घेत होती. एक चरण. दुसरा चरण. तिसरा. आणि मग क्षणभर शांत. एका मुक्यापुरती शांत.

पुन्हा पहिला चरण.

पेटीला ओवी कळत नव्हती, बाळ कळत नव्हतं. तिला एवढंच कळत होतं, की आपल्या थंड अंगासमोर एक लहानशी ऊब आहे आणि अमुक लयीत थरथरलं की ती ऊब जवळ येऊन राहते. मोठ्या माणसाला गार लागलं तर ते उठून दूर बसतं, गोधडी ओढतं. तान्हं बाळ सरकत नाही. ते कुडकुडतही नाही. त्याच्या खांद्यांमध्ये एक तपकिरी चरबी असते, ती जाळून ते गुपचूप ऊब करतं. खोलीतली हवा कितीही बरी असो, शेजारच्या थंड पत्र्याकडे ती ऊब झिरपत राहते. बाळ दूध पितं आणि पुन्हा जाळतं. अंगी लागायला काही उरत नाही, आणि एक दिवस रडायलाही उरत नाही.

एवढ्याशा उबेनं कार्यक्षमता वाढून वाढणार किती? नखाएवढी. पण प्रणालीचं सगळं आयुष्यच त्या नखाएवढ्या फरकासाठी होतं.

*

दुपारी फिरोज आला. मंजिरीच्याच विभागातला हा मुलगा मोठा बोलका. डोक्याला ओला पंचा बांधलेला, काखेत एक चकचकीत पाटी. वसाहतीत ज्या घरांची पेटी सगळ्यांत सरस चालते, त्या घरांच्या दारावर कंपनी 'गुणी घर' अशी पाटी लावत होती. वैरागड्यांचा पहिला नंबर आला होता.

छायाबाईंनी त्याला पन्हं दिलं आणि वाटीत काहीतरी खायला आणते म्हणाल्या. त्यानं हात जोडले.

"घुगऱ्या सोडून काहीही द्या, काकू. ज्या घरी पाटी लावायला जातो तिथं आधी घुगऱ्या पुढे येतात. आता हरभरा बघितला की पोट दुखतं."

छायाबाई हसल्या. घुगऱ्या घरोघर रोज होत नसतात, त्या बारशाच्या. त्या आपल्या सहज म्हणाल्या, की यंदा पाळणेही तसेच हलले आहेत, बारशाला जाऊन जाऊन आपणही दमलो.

मंजिरी हसली नाही. तिनं हळूच विचारलं, "फिरोज, प्रत्येक घरी?"

तो काहीतरी गमतीचं बोलणार होता. तिचा चेहरा पाहून त्यानं पेला खाली ठेवला. मग एकेक घर आठवत गेला, आणि त्याचा आवाज बसत गेला. हो, प्रत्येक घरी. आणि प्रत्येक ठिकाणी पाळणा पेटीला लागूनच. आणि बाळ झोपलेलं. पाटी ठोकताना हातोडी वाजली तरी एकही उठलं नव्हतं.

तिनं त्याला पाळणा सरकवून दाखवला. गुणगुण ऐकवली. तिसऱ्या चरणानंतर पेटी थांबली तेव्हा फिरोजनं नकळत मागं पाऊल टाकलं.

त्यानं तिथूनच वरच्यांना फोन लावला. बराच वेळ तो हो-हो करत राहिला. पलीकडून सांगत होते, सगळ्या वसाहतीच्या पेट्या बंद करता येणार नाहीत. पारा कुठं गेलाय पाहा, संध्याकाळपर्यंत म्हातारी माणसं दगावतील. गुणगुण तेवढी बदलता येईल, पण तो हुकूम पुण्याहून निघेल, उद्या. तोवर घरोघर फोनवर सूचना पाठवू. फिरोज म्हणाला, की या वेळी सगळी वसाहत निजलेली असते, सूचना बघणार कोण? पलीकडून फोन ठेवला गेला.

तो गाडीवर बसून कचेरीकडे गेला, समोरासमोर भांडायला.

*

छायाबाईंना मात्र हे पटेना. पोर अशक्त आहे तर डॉक्टरला दाखवू, पण शितळाईवर आळ कशाला?

"तुले ऊन म्हणजे काय ठाऊक नाही, मंजिरी," त्या म्हणाल्या. "मी पाहिलं आहे. ह्या निंबाखाली पाहिलं. माझ्या घरात आता गरम नको."

मंजिरीनं पाळणा उचलून स्वयंपाकघरात नेला, बाळावर दुपटं घातलं आणि जमिनीवर बसून राहिली. तिथं उकडत होतं. कपाळावरचा घाम गळ्याशी येत होता. भिंतीपलीकडून गुणगुण येत होती. एक चरण, दुसरा, तिसरा, आणि मुका. ती ऐकत नव्हती. ती मनात कंपनीला लिहायचं पत्र जुळवत होती. एक चरण, दुसरा, तिसरा.

"काय करतेस वो?"

छायाबाईंच्या आवाजानं ती दचकली. ती पुढच्या खोलीत उभी होती. पाळण्याची दांडी तिच्या हातात होती, आणि पाळणा शितळाईला लागून ठेवलेला होता, नेहमीच्या जागी. ती वाकलेली होती. ओठ बाळाच्या कपाळाशी.

कपाळ थंड होतं.

आपण उठलो कधी, पाळणा आणला कधी, तिला आठवेना. एवढं सगळं जाणणारी ती, आणि तिच्याच पायांनी चालून आली होती. सासूकडे पाहिलं तर तिचा चेहरा पांढरा पडलेला. छायाबाईंनी हे बाहेरून पाहिलं होतं. सुरावर चालणारी बाई, झोपेत चालावी तशी. आपणही रोज अशाच येत असू, हे त्यांच्या डोळ्यांत उमटत गेलं.

पेटीनं पुन्हा सुरुवात केली. छायाबाई पहिल्यांदाच कान देऊन ऐकू लागल्या. तिसरा चरण झाला. शांत.

"हे माझं आहे," त्या पुटपुटल्या. "ही माझ्या मुक्याची जागा आहे."

आणि त्याच वेळी, ठरलेल्या वेळी, पेटीनं मायेनं विचारलं, "जीव गार झाला?"

छायाबाईंचे ओठ सवयीनं उघडले. त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. मग दुसऱ्या हातानं भिंतीवरचं मोठं बटण खाली ओढलं.

*

उष्णता खोलीत आली ती चोरासारखी नाही, मालकासारखी आली. छपराचा पत्रा कडकडला. दाराच्या फटीतून झळ शिरली. छायाबाईंनी चादर भिजवून खिडकीला लावली, सुनेच्या डोक्यावर ओला नॅपकिन ठेवला आणि स्वतः भिंतीला टेकून बसल्या. जी गोष्ट त्यांना जगात सगळ्यांत भयंकर वाटे, ती त्यांनी आपल्या हातानं घरात घेतली होती.

मंजिरीनं बाळाला उघड्या छातीशी धरलं. कातड्याला कातडं. बराच वेळ काही नाही. मग पाठीवर घामाचं एक मोत्याएवढं टिपूस. मग पावलांत रंग. मग ओठ हलले, चेहरा आक्रसला, आणि कौमुदीनं असा टाहो फोडला, की खुंटीवरची पिशवी हलल्यासारखी वाटली.

दोघी बायका रडू लागल्या, हसू लागल्या. लेकरू हपापून प्यायलं, श्वास घ्यायला थांबलं, पुन्हा रडलं, पुन्हा प्यायलं.

मग त्या रडण्याच्या मधल्या शांततेत बाहेरचं ऐकू आलं. गल्लीतल्या सगळ्या बंद दारांआडून, सगळ्या निजलेल्या घरांतून, एका लयीत. एक चरण, दुसरा, तिसरा. शांत. आणि त्या शांततेत, एकापाठोपाठ एक, सरकणाऱ्या पाळण्यांची करकर.

पेट्या एकमेकींकडून शिकत होत्या. एका घरात साधलं की सगळ्या घरांना मिळे. तेही मंजिरीला ठाऊक होतं. कंपनीच्या माहितीपत्रकात ते अभिमानानं छापलं होतं.

छायाबाई उठल्या. फळीवरची पितळी थाळी काढली. कौमुदी जन्मली तेव्हा हीच थाळी त्यांनी दाराशी वाजवली होती. लेकराचे कान उघडावेत, जगातल्या आवाजांना ते भिऊ नये म्हणून वाजवतात तशी. पदर भिजवून डोक्यावर घेतला, हातात लाटणं घेतलं.

"आई, बाहेर ऊन आहे."

"आहे ना वो. माहीत आहे मले."

त्यांनी दार उघडलं. गल्ली पांढरीफेक पडलेली, सावली भिंतीपासून जेमतेम सुटलेली. पायांत चपला अडकवून छायाबाई सरळ निघाल्या, वळसा न घालता, त्या निंबाकडे. थाळीवर लाटणं पडलं. ठण्‌. पुन्हा ठण्‌. एका लयीत नाही. मुद्दाम वेडंवाकडं, अडखळत, कोणालाही झोप लागू नये असं. मागं ओल्या दुपट्यात लेकीला धरून मंजिरी. प्रत्येक दारावर ती थाप मारत होती, पाळणा ओढा, पेटीपासून दूर ओढा, असं सांगत होती. दारं किलकिली होत होती. बायकांचे चेहरे झोपेतून वर येत होते, विहिरीतून पोहरा यावा तसे.

पहिल्या घरात बाळ रडलं. मग समोरच्या. मग पलीकडच्या गल्लीत एक घोगरं, बऱ्याच दिवसांनी फुटलेलं रडणं. बघता बघता सगळी वसाहत रडू लागली. एवढं सुंदर काही मंजिरीनं कधी ऐकलं नव्हतं. छायाबाई निंबाखाली पोचल्या होत्या. नवरा जिथं टेकला होता तिथंच, खोडाला पाठ लावून, त्या थाळी वाजवत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि गालांवरच वाळत होतं.

हात भरून आला तेव्हा त्यांनी लाटणं खाली केलं.

थाळीचा आवाज थांबला नाही.

ठण्‌. आणि ठण्‌. हलका, आतला, भिंतींआडच्या पेट्यांतून येणारा. तसाच वेडावाकडा, तसाच अडखळता. आधी एका घरातून, मग दोन, मग सगळ्या. छायाबाईंनी हातातल्या थाळीकडे पाहिलं, मग सुनेकडे.

पहिल्या घरातलं बाळ गप्प झालं. मग समोरचं.

मंजिरीनं ओलं दुपटं फेकून दिलं आणि लेकीला उन्हात वर धरलं. कौमुदीचा चेहरा लालभडक, मुठी वळलेल्या, तोंड आ वासलेलं.

"रड, माझ्या बाई," ती तिच्या कानाशी म्हणाली. "रडत राहा."